निरोगी क्रमांक एकोणीस

३ मार्च

खडू,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न उघडता फाडशील, म्हणून पत्ता टाइप करून चिकटवला आहे. आता उघडलंच आहेस तर एवढी एक ओळ वाच आणि मग खुशाल केराच्या टोपलीत टाक. एकोणतीस तारखेला आमच्या सरांच्या प्रयोगाच्या कागदांवर सही करू नकोस.

मला हे आईकडून कळलं. तिला वाटलं, मी खूश होईन. ‘तुझ्याच सरांकडे जातेय ती, आणि पहिलीच पेशंट,’ असं म्हणाली, जणू तुला बक्षीसच लागलंय. मग हळूच म्हणाली, ‘आता तरी बोला गं एकमेकींशी.’ मी ‘हो’ म्हटलं, फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले.

कारण विचारू नकोस. मी त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत, सतरा वर्षं लोकांचं रक्त वेगळं करते आहे. कुठली नळी धड आणि कुठली नासकी, एवढं मला कळतं. तेवढ्यावर विश्वास ठेव. तुझ्या किडनीच्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत. त्यांच्या गोळ्या घेत राहा, तोंड सुजलं तरी घेत राहा, आणि सरांपासून लांब राहा.

राहिली आपली गोष्ट. त्या दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं, हे मला मान्य आहे. तुमच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये तू बाकावर बसून मेणात दात लावत होतीस. म्हणालीस, सकाळी मूठ वळत नाही, उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे होतात, उशीवर केसच केस असतात. वर्षभर तू हेच सांगत होतीस आणि वर्षभर सगळे तुला झोप नीट घे म्हणत होते. मी शेजारच्या बाकावरच्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘तुला कोणी विचारत नाही ना, म्हणून तुला दुखतं.’ तू सुरी खाली ठेवलीस आणि ‘ऊठ’ म्हणालीस. बास. मोठ्या बहिणीला कामाच्या जागेवरून असं उठवतात का, म्हणून मीच तणतणत घरी गेले.

दोन महिन्यांनी तुझ्या लघवीत प्रथिनं सापडली. किडन्यांना सूज आहे असं कळलं आणि त्या सगळ्याला ल्युपस असं नाव मिळालं. मला तेव्हा खरंच काही ठाऊक नव्हतं. माझी चूक एवढीच, की मी बेफिकीर होते. त्याबद्दल माफ कर.

सही करू नकोस.

तुझी, तुला नको असली तरी,
ताई


१० मार्च

खडू,

तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. तो कधी आवाज चढवत नाही, त्याचा मला फार राग येतो. म्हणाला, ‘ताई, कारण असेल तर सांगा. नसेल तर तिला शांत राहू द्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती सकाळी उठून काहीतरी बोलतेय.’ मी म्हटलं, लिहून पाठवते. मला तोंडानं सांगता येत नाही. माझ्या तोंडाची तुला कल्पना आहेच.

तर कारण.

आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात, आणि लढणाऱ्यांना आवरणाऱ्याही असतात. पुस्तकात त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. मी आवरणाऱ्याच म्हणते. जंतू आला की पहिल्या पेटून उठतात. काम झालं की दुसऱ्या त्यांना सांगतात, पुरे आता, बसा खाली. तुझ्यात या आवरणाऱ्या पेशी आहेत, मोजल्या तर जवळजवळ पुरेशाही आहेत, पण त्या आवरत नाहीत. नुसत्या उभ्या राहून बघतात. मग लढणाऱ्यांना समोर जे दिसेल ते शत्रू वाटतं. सांधे, कातडी, किडनी.

सरांचं म्हणणं असं की तुझ्या आवरणाऱ्या पेशी बाहेर काढायच्या, आमच्या खोलीत चौदा दिवस खाऊपिऊ घालून वाढवायच्या, धडधाकट करायच्या आणि तुला परत द्यायच्या. कल्पना चांगली आहे. मला अजूनही चांगली वाटते, आणि त्यामुळेच जास्त किळस येते.

आम्ही चौदा आजारी माणसांचं रक्त घेऊन हे करून पाहिलं. म्हणजे मी करून पाहिलं. लढणाऱ्या पेशींना रंग द्यायचा. पेशी दुभंगली की रंग निम्मा होतो. मग एकेक पेशी लेसरसमोरून सोडायची आणि किती फिक्या पडल्या ते मोजायचं. आवरणाऱ्या पेशी कामाच्या असतील तर रंग गडद राहतो. सरांच्या पेपरात, म्हणजे छापलेल्या शोधनिबंधात, किती जणांचं रक्त आहे, माहीत आहे? नऊ. नऊच्या नऊ झकास.

उरलेले पाच कुठे गेले? तीन जणांच्या पेशी वाढल्या, पण सुधारल्या नाहीत. दोघांच्या फिरल्या. फिरल्या म्हणजे आवरायचं सोडून त्या स्वतःच आग लावणारी द्रव्यं सोडायला लागल्या. लढणाऱ्यांपेक्षा वाईट, कारण त्यांच्या अंगावर खूण आवरणाऱ्यांचीच राहते.

सर कधी ‘टाकून द्या’ म्हणत नाहीत. कागद माझ्यापुढे सरकवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, ‘बाई, या नळीला काहीतरी झालेलं दिसतंय. बघा जरा.’ बघा जरा म्हणजे कारण शोधा. नळी उशिरा आली. पेशी वाढवायच्या पेटीतला गॅस संपला होता. रक्त गोठलं होतं. कारण सापडलं की ती नळी हिशेबातून बाद, आणि मनाला डाग नाही. पेपर छापून आला तेव्हा केक कापला. सरांनी पहिला तुकडा मला भरवला. ‘बाईंचे हात म्हणजे सोनं,’ म्हणाले. केकला आमच्या खोलीचा वास होता, त्या निर्जंतुक करणाऱ्या पाण्याचा. मी तो गिळला. सगळे टाळ्या वाजवत होते.

तुझ्या पेशी परत सोडण्याआधी तपासतील, असं तुला सांगितलं असेल. तपासतात. अंगावरची खूण तपासतात. त्या करतात काय, हे नाही तपासत, कारण ते तपासलं तर उलटं निघालेलं ‘बघा जरा’ म्हणून पुसता येणार नाही.

हे वाचून तू सही करणार नाहीस असं मी धरून चालते. आता झालं ना समाधान? आता तरी तुझ्या नवऱ्याला सांग, ताईनं कारण दिलं.

ताई


१६ मार्च

खडू,

तुझा नवरा म्हणाला, ‘तिनं पत्र वाचलं. म्हणते, चौदांतल्या नवांना फायदा झाला असेल तर मी नवांत असेन. माझं नशीब एवढं वाईट नाही.’

मी तीन दिवस कामावरून घरी येऊन हात धुते आहे. साबण संपवला. मागच्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता, पण ते लिहिताना मी स्वतःला कशी अलगद बाजूला उभी केली होती, ते आज परत वाचताना दिसलं. सर असे, सर तसे. मी बिचारी केक गिळणारी. शी.

तू नवांत नाहीस. तुझं रक्त मी पाहिलं आहे.

तीन वर्षांपूर्वी तू माझ्या घराची किल्ली द्यायला आली होतीस. आठवतं? मी विसरून गेले होते आणि तू जेवणाच्या सुट्टीत धावत आलीस, हातावर कवळीच्या साच्याचं पांढरं प्लास्टर तसंच वाळलेलं. त्या आठवड्यात आम्हाला निरोगी रक्त कमी पडत होतं. आजारी माणसांच्या शेजारी ठेवून बघायला निरोगी लागतात आणि निरोगी माणूस सुई टोचून घ्यायला कशाला येईल? म्हणून निरोगी म्हणजे आमचा लिफ्टमन, आमची झाडणारी बाई, कोणाचा नवरा, कोणाची बहीण. सगळीकडे असंच चालतं. मी म्हटलं, आलीच आहेस तर बस पाच मिनिटं. तू एका कागदावर न वाचता सही केलीस. त्यावर लिहिलं होतं की निष्कर्ष कळवले जाणार नाहीत. मी तुझी शीर शोधताना तू म्हणालीस, ‘माझं रक्त जरा जपून वापर हं, त्यात प्लास्टर निघेल.’ मी तुला दोन बिस्किटं दिली आणि नळीवर लिहिलं: निरोगी, क्रमांक एकोणीस.

चार दिवसांनी एकोणीसचं चित्र पडद्यावर आलं. तुझ्या आवरणाऱ्या पेशींनी काहीच आवरलं नव्हतं. माझी चूक असेल म्हणून उरलेल्या पेशींवर परत केलं. तेच. चौदा दिवस वाढवल्या. त्या फिरल्या. आजारी माणसांपैकी दोघांच्याच तशा फिरल्या होत्या, आणि तुझ्या त्या दोघांपेक्षा जास्त.

मी कागद सरांपुढे ठेवला. कोणाचं रक्त ते त्यांना ठाऊक नव्हतं. नावांची यादी माझ्या कपाटात असते. त्यांनी चष्मा वर केला. ‘निरोगी माणसात असं कसं होईल? बाई, बघा जरा.’

मी जागेवर आले आणि वहीत लिहिलं: रक्त गोठलं होतं.

गोठलं नव्हतं, खडू. छान पातळ, लालबुंद होतं. त्याच वेळी पदरात एक सबब होती, की निष्कर्ष कळवायचे नसतात, नियम आहे. मी त्या नियमाला किती घट्ट धरून बसले म्हणून सांगू! एरवी मी कुठला नियम पाळते? तुला सांगितलं असतं तर सरांना सांगावं लागलं असतं की ही माझी बहीण. मग ती नळी बाद करता आली नसती, पेपर अडला असता, आणि माझं नाव पेपरावर पहिल्यांदाच येणार होतं. पाचवं. आठ नावांतलं पाचवं. त्याच्यासाठी.

पुढे वर्ष-दीड वर्षानं तुझे सांधे धरायला लागले. तू एकेक सांगायला लागलीस आणि प्रत्येक गोष्ट ऐकताना मला तो पडदा दिसायचा. मला ठाऊक नव्हतं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते धादांत खोटं. मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. तुझ्या डॉक्टरांच्या आधी, तुझ्याही आधी. तू आजारी नसशील तर मी काही लपवलेलं नाही, असं साधं गणित होतं माझं. म्हणून तुला आजारी असू देऊन चालणार नव्हतं. म्हणून मी ते वाक्य बोलले. तुला दुखावं म्हणून बोलले असते तरी परवडलं असतं. मी बोलले ती माझी वही बरोबर राहावी म्हणून.

आता मला माझ्या हातांची शिसारी येते. हातमोजे काढले की आतून जो ओलसर, पांढरट, सुरकुतलेला हात निघतो ना, त्याच्याकडे बघवत नाही.

तुझ्या पेशी बाहेर काढून वाढवल्या की काय होतं, हे मी बघितलं आहे. ते परत तुझ्या अंगात सोडणार आहेत. उरलीसुरली किडनी जाईल. आता तरी सही करू नकोस.

ताई म्हणायचं की नाही ते तू ठरव.


२३ मार्च

खडू,

तुझी चिठ्ठी मिळाली. अक्षर तुझ्या नवऱ्याचं आहे, पण वाक्य तुझंच. इतकं आखूड वाक्य तो कधी बोलला नसता.

‘तेव्हा सांगितलं असतंस तर काय बदललं असतं?’

मी याचं उत्तर चार वेळा लिहून फाडलं. पहिल्या वेळी लिहिलं, काहीच नाही. ते लिहून इतकं हायसं वाटलं की लगेच फाडलं. दुसऱ्या वेळी लिहिलं, सगळं बदललं असतं. तेही नाटक. छाती बडवून घ्यायला मला आवडतं हे तुला माहीत आहे.

खरं उत्तर असं. एका नळीवरून कोणी आजारी पडणार असं सांगता येत नाही. तुझा आजार मला थांबवता आला नसता. पण तुझ्या बोटांना सूज आली त्याच आठवड्यात मी तुला लघवी तपासायला पाठवलं असतं, रक्तातल्या त्या खास तपासण्या करायला लावल्या असत्या, आणि गोळ्या वर्षभर आधी सुरू झाल्या असत्या. किडनीचं जे नुकसान झालंय त्यातलं बरंचसं त्या वर्षात झालं, असं तुझ्या डॉक्टरबाईंनीच आईला सांगितलं. आणि त्या वर्षात तुला कोणी खोटं पाडलं नसतं. निदान एक माणूस तुझ्या बाजूनं असता. ते वर्ष मी तुझं खाल्लं. याला दुसरा शब्द मला सापडला नाही.

तू सही करणार नाहीस, असं खाली एका ओळीत आहे. ती ओळ वाचून मी खोलीतल्या स्टुलावर बसून रडले. शेजारचं मशीन चालू होतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

पण तू नाही केलीस तर दुसरं कोणी करेल. यादीत तुझ्यामागे सात जण आहेत. त्यातली एक बाई पोहायला शिकवते. तिनं परवा मला विचारलं, ‘पावसाळ्यापर्यंत मी पाण्यात उतरू शकेन ना?’ मी म्हटलं, सरांना विचारा. बघितलंस? अजून जीभ तशीच वळते.

म्हणून काल मी संस्थेच्या नीतिसमितीला पत्र दिलं. सचिवबाईंनी ते वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला: पुरावा? वहीत तर तुमच्याच अक्षरात ‘गोठलं होतं’ आहे. बरोबर आहे त्यांचं. पाच आजारी माणसांच्या नळ्यांचं काहीच उरलेलं नाही, मी स्वतः धुऊन टाकल्या. पण एकोणीसच्या थोड्या पेशी मी गोठवून ठेवल्या होत्या. का ठेवल्या, ते विचारू नकोस. तुझं काही फेकायला हात झाला नाही, असं लिहिलं तर ते फार गोड दिसेल. कदाचित नुसती सवय असेल. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, तळाच्या खणात, बोटाच्या पेराएवढी कुपी आहे. ती सगळ्यांसमोर उघडून परत वाढवली तर दिसेल ते दिसेल. मात्र आता ती नावानिशी उघडायची आहे, म्हणून तुझी संमती लागेल.

फॉर्म सोबत आहे. तू न वाचता सही करू नकोस. या वेळी वाच. प्रत्येक रकाना वाच. नाही म्हणालीस तर मी तोंडानं जे सांगायचं ते सांगीन आणि ते मला खोटं पाडतील. हो म्हणालीस तर माझी नोकरी जाईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. किंवा त्याचाच आनंद होत असेल तर त्या आनंदात सही कर.

मला अठ्ठावीसच्या आत हवा आहे.


१६ एप्रिल

खडू,

तुला निकाल कळवायचा आहे. या वेळी कळवायचा नाही असा नियम नाही, आणि असता तरी कळवला असता.

कुपी अठ्ठावीसलाच उघडली. एकोणतीसच्या सह्या समितीनं थांबवल्या. शेजारच्या विभागातल्या दोघी आणि समितीचा एक माणूस असे तिघं माझ्या खुर्चीत आळीपाळीनं बसले, मला हात लावू दिला नाही. ते बरंच झालं. अडतीस टक्के पेशी मेलेल्या निघाल्या, बाकीच्या जगल्या. पहिल्या चाचणीत त्यांनी काही आवरलं नाही. चौदा दिवस वाढवल्यावर, म्हणजे अकरा तारखेला, त्या फिरल्या. अंगावरची खूण शाबूत आणि काम उलटं. समितीच्या माणसानं पडद्याकडे बघून ‘अरे बाप रे’ एवढंच म्हटलं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तीन वर्षांपूर्वी मी हेच म्हणायला हवं होतं.

प्रयोग बंद झाला आहे. सातही जणांना फोन गेले. पोहायला शिकवणारी बाई माझ्या खोलीपर्यंत आली आणि मला वाट्टेल ते बोलली. तिला वाटतं मी तिचं औषध बंद पाडलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिला समजावायचा हक्क माझा राहिलेला नाही.

सर काय म्हणाले ते ऐक, म्हणजे तुझं अन्न पोटात राहणार नाही. त्यांनी समितीपुढे चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, ‘एकोणीस क्रमांकाच्या व्यक्तीला पुढे ल्युपस झाला. म्हणजे ती निरोगी नव्हतीच. मग तिला निरोगी लोकांतून वगळलं हे योग्यच झालं की!’ आणि दोन माना हलल्या. खरंच हलल्या. तू आजारी पडलीस यानं ते बरोबर ठरले. मला वाटलं, उठून त्यांच्या तोंडावर थुंकावं. मी थुंकले नाही. मी म्हटलं, ‘रक्त गोठलं होतं असं लिहिलंय, आजारी होती असं लिहिलेलं नाही. आणि ते मी लिहिलंय.’ मग मला निलंबित केलं. सरांची चौकशी चालू आहे. तिचं काय होईल ते मला माहीत नाही. सर अजून त्यांच्या खोलीत बसतात. मी माझं कपाट रिकामं केलं. सतरा वर्षांत त्यात माझं म्हणून एक स्वेटर आणि एक कप निघाला.

आता अठ्ठावीस तारखेचं एक राहिलं, जे तुला कळायला मार्ग नाही.

तुझा फॉर्म सत्तावीसला पोचला. सगळे रकाने नवऱ्याच्या अक्षरात होते. दोनच गोष्टी तुझ्या हातच्या होत्या, त्याही वाकड्यातिकड्या, पेन मुठीत धरून लिहिल्यासारख्या. एक तुझी सही. आणि दुसरा, ‘संशोधकांपैकी कोणाशी नातं आहे का?’ या प्रश्नापुढचा एक शब्द. ‘नाही.’

मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. फॉर्म चालून गेला असता. पण नंतर सरांच्या वकिलानं तेवढाच धागा ओढला असता, आणि तेही खरं कारण नव्हे. मला आणखी एक खोटा रकाना सहन होईना. मी सचिवबाईंना सांगितलं, ही माझी बहीण आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. नातं लपवलं असेल तर संमती धरता येत नाही, म्हणाल्या. मग वेळ कमी आहे म्हणून त्यांनीच फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. ‘तेवढं खोडून “आहे” करा. शेजारी सही करा. आम्ही समजून घेऊ.’

पेन मी हातात घेतलं होतं. मग खाली ठेवलं. म्हटलं, ‘तो तिचा कागद आहे. तिनं विचार करून लिहिलंय. मी त्यावर काही लिहिणार नाही. तिलाच विचारा.’

म्हणून तुला तो फोन आला. स्पीकरवर होता, आणि मी समोरच बसले होते, हे तुला कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. सचिवबाईंनी विचारलं, ‘आपलं या बाईंशी काही नातं आहे का?’ मागे तुमच्या लॅबमधलं कवळ्या घासायचं मशीन घरघरत होतं, म्हणजे तू परत कामावर जायला लागली आहेस, एवढं मला त्यातून कळलं. मग तू म्हणालीस, ‘आहे. म्हणून तर हे झालं.’ आणि फोन ठेवलास.

सचिवबाईंनी कागदावर लिहून घेतलं: ‘आहे.’ आणि पान उलटायला लागल्या.

मी म्हटलं, ‘पुढचंही लिहा.’

त्या म्हणाल्या, ‘अहो, त्याला रकाना नाही.’

मी म्हटलं, ‘मग समासात लिहा. ती बोललीय तेवढं सगळं लिहा.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं.